पाचूबंदरातलं पोवळं

विरार लोकलमधून निघालेल्या दोन झाकणाच्या बादल्या, वसईच्या किल्ल्याशेजारचं एक कोळीवाड्यातलं घर आणि सहा आठवड्यांचा मोजून-मापून दिलेला उजेड... एका वेगळ्याच वीकेण्डची गोष्ट.

जूनमधला पहिला रविवार. सकाळचे साडेसात. अंधेरीहून विरारकडे जाणाऱ्या लोकलमध्ये या वेळी चक्क बसायला मिळतं! माझ्या मांडीवर झाकणाची एक बादली, मित्राच्या मांडीवर दुसरी. दोन्हींना जाडजूड टॉवेल गुंडाळलेले. समोर बसलेल्या काकांनी मीरा रोडपर्यंत स्वतःला आवरलं. मग मात्र त्यांना राहवेना.

'मासे का?'

'नाही काका. प्रवाळ.'

'म्हणजे पोवळं? अंगठीतलं?'

'त्याचं चुलत भावंड म्हणा.'

'मग एवढं झाकलंय कशाला? चोरीला जाईल म्हणून?'

'उजेड लागू नये म्हणून,' मित्र म्हणाला. काकांनी आमच्याकडे एकदा नीट बघून घेतलं आणि पेपर उघडला. तोवर गाडी भाईंदर सोडून खाडीवर आली होती. खाली पाणजू बेट, भरतीचं गढूळ पाणी आणि डोक्यावर शाई सांडल्यासारखं आभाळ.

काकांचा प्रश्न चुकीचा नव्हता. पोवळं म्हटलं की आपल्याला मंगळाची अंगठी आठवते किंवा आजीच्या गळ्यातली लाल मण्यांची माळ. ते लाल पोवळं मुख्यतः भूमध्य समुद्रातलं. त्याला उजेडाची गरज नसते. उलट समुद्रातल्या अंधाऱ्या कपारी, गुहा त्याला जास्त आवडतात. आमच्या बादलीतली मंडळी मात्र उजेडावर जगणारी होती आणि उजेडानेच मरू शकणारी. म्हणून हा सगळा जामानिमा.

किल्ल्याच्या पलीकडे

आमचा हा मित्र मूळचा पाचूबंदरचा. नोकरी आयटीतली. सहा वर्षं अंधेरीत भाड्याच्या खोलीत काढली. त्या खोलीत कपाटापेक्षा मोठी जागा एका काचेच्या टाकीने अडवली होती. आता तो टाकीसकट घरी परत चालला होता. बाबांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मे महिन्यात झालं होतं. डावा डोळा अजून बाकी होता. आणि बाबांची होडी किनाऱ्यावर ओढून ठेवलेली होती. ती पुन्हा पाण्यात उतरवायची की विकायची, हे घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. एक गिऱ्हाईक मात्र येऊन बघून गेलं होतं.

वसई रोड स्टेशनच्या पश्चिमेला उतरून रिक्षा केली. माणिकपूर मागे पडलं की हळूहळू वसई गाव सुरू होतं आणि मग येतो किल्ला. १५३४ मध्ये हा मुलूख पोर्तुगीजांच्या हातात गेला. त्यानंतर त्यांनी इथे दगडी चर्चेस, कॉन्व्हेंट्स, वाडे असं अख्खं शहर उभं केलं आणि मे १७३९ मध्ये ते चिमाजी अप्पांच्या फौजेसमोर सोडून दिलं. आज पावसाळ्यात या भिंतींवर इतकं गवत आणि शेवाळ चढतं की सगळा किल्लाच हिरवा दिसतो. बहुतेक पाहुणे इथे फोटो काढून परत फिरतात. फार झालं तर प्री-वेडिंग शूट! तुम्ही मात्र पुढे जा. तटबंदी संपते, ओल्या दोरखंडाचा आणि सुक्या मासळीचा वास सुरू होतो आणि तुम्ही पाचूबंदरात पोचलेले असता.

उल्हास नदीची वसई खाडी समुद्राला मिळते ते हे ठिकाण. पलीकडच्या तीरावर उत्तनची टेकडी दिसते. ऑक्टोबर ते मे इथे या, तर बांबूंच्या दोऱ्यांवर बोंबील वाळत घातलेले दिसतील, जमिनीवर जवळ्याचे गुलाबी गालिचे. जूनमध्ये मात्र सगळं मिटलेलं असतं. पावसाळी मासेमारीबंदी १ जूनला सुरू होते. होड्या वर ओढून, ताडपत्रीने शाकारून ठेवलेल्या. घरांच्या पडव्यांत माणसं जाळी विणत बसलेली. ख्रिस्ती कोळ्यांची वस्ती, त्यामुळे दारादारांवर छोटे क्रॉस, आणि रविवार असल्याने मिसाहून परतणारी, कडक इस्त्रीच्या कपड्यांतली पोरंटोरं.

एका क्रॉसच्या मागच्या गल्लीत मित्राचं घर. दारापासून पाणी हाकेच्या अंतरावर. मी सहज उतरून पाण्यात हात घातला. मनगट दिसत होतं, कोपर नाही. खाडीच्या गाळाने पाणी चहासारखं झालं होतं. अशा गावात, अशा पाण्याशेजारी, आम्ही प्रवाळ घेऊन आलो होतो!

समुद्र दारात, मीठ पाकिटातलं

दारात काका उभे होते. अंगात बनियन, डोळ्यांवर ऑपरेशनचा काळा चष्मा. थेट रजनीकांत! मित्र आत टाकीपाशी पळाला आणि काकांनी मला पकडलं.

'पोरी, तूच सांग. समुद्र इथे दारात. आणि हा समुद्र करतो घरात. बरं, दारातलं पाणी घेशील? तर नाही. नळाचं पाणी गाळतो आणि त्यात पाकिटातलं मीठ टाकतो!'

काकांची कोळी बोली मला निम्मी कळली, पण विनोद पूर्ण कळला. आणि मित्राची बाजूही खरी होती. खाडीच्या तोंडाशी गोडं पाणी, गाळ, डिझेल, सगळंच मिसळतं. पावसात खारटपणा धाडकन उतरतो. टाकीतल्या प्रवाळांना लागतं ते लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असलेलं, स्वच्छ आणि रोज सारखंच राहणारं पाणी. म्हणून टाकी मेमध्येच लावून, पाणी 'मुरायला' ठेवलं होतं. आज फक्त रहिवासी आले होते.

रहिवाशांबद्दल एक गोष्ट आधीच सांगते, नाहीतर वाचून कोणीतरी उत्साहाने दुकानात जाईल. समुद्रात खडक रचणारी दगडी प्रवाळं आपल्याकडे पाळता येत नाहीत. २००१ पासून ती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. समुद्री पंखे, ऑर्गन पाइप कोरलसुद्धा तिथेच. मित्राच्या बादलीत होते ते हौशी लोक ज्यांना 'मऊ प्रवाळ' म्हणतात ते. सांगाडा नसलेले, तबकडीसारखे मश्रूम आणि बटणासारख्या फुलांचे झोअँथिड. तरीही नियम सोपा आहे. दुकानदार बिल देत नसेल किंवा नाव सांगताना चाचरत असेल, तर घेऊ नका.

घरातली शिवी

बादल्या उघडल्या. मश्रूम आकसून सुपारीएवढे झाले होते. मित्राने एकेकाला टाकीच्या तळाशी ठेवलं आणि वरच्या दिव्याचं बटण दाबलं. अंधारी पुढची खोली एकदम निळी झाली. आणि काकांचा आवाज चढला.

'हा एलईडी आहे?'

मित्राने मान खाली घातली. मला काही कळेना. मग काकीने चहा देता देता सांगितलं की या घरात एलईडी ही शिवी आहे.

गोष्ट अशी. काका डोल जाळ्याचे तांडेल. हे जाळं समुद्रात रोवून, बांधून ठेवतात. त्यात मासळी येते ती भरती-ओहोटीच्या ओढीने. उधाणाला पाणी जोरात वाहतं तेव्हा जाळं भरतं, भांगेला मंदावतं तेव्हा वाट बघायची. समुद्र देईल ते आणि देईल तेवढं. गेल्या काही वर्षांत मात्र मोठ्या बोटी रात्री पाण्यावर प्रखर एलईडी दिवे सोडायला लागल्या. त्या झगझगाटाला भुलून थवेच्या थवे वर येतात आणि पर्ससीनचं जाळं लहान-मोठं सगळं एकदम उचलतं. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने भारताच्या संपूर्ण सागरी आर्थिक क्षेत्रात अशा मासेमारीवर बंदी घातली. तरी चोरून दिवे लागतात, ही किनाऱ्यावरच्या पारंपरिक मच्छीमारांची तक्रार काही थांबलेली नाही.

'दिवा दाखवून बोलवायचं आणि फसवायचं,' काका म्हणाले. 'आणि तो दिवा माझ्या घरात?'

'बाबा, हा मारायचा नाही, जगवायचा दिवा आहे,' मित्र म्हणाला. पण त्याच्या आवाजात दम नव्हता. त्याला कारण होतं. अंधेरीत दोन वर्षांपूर्वी त्याच दिव्याच्या भावाने त्याचे प्रवाळ मारले होते.

उन्हातलं आणि सावलीतलं

तो किस्सा मी डोळ्यांनी पाहिलाय. टाकीवर जुन्या ट्यूबलाइट्स होत्या. एका दिवाळीत बोनस आला आणि साहेबांनी नवा झकास एलईडी आणला. उत्साहात पहिल्याच दिवशी फुल्ल चालू. रात्री टाकी डिस्कोसारखी दिसत होती. पाचव्या दिवशी मश्रूम मलूल पडले, मग फिकट, मग जवळजवळ पारदर्शक. दोन विरघळून गेले. बिचाऱ्याला वाटलं होतं, उजेड म्हणजे अन्न. जास्त अन्न दिलं तर बिघडलं कुठे?

तर बिघडतं ते असं. प्रवाळ हा प्राणी आहे, पण त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल भाडेकरू म्हणून राहतं. नाव झूझँथेली. समुद्रातल्या दगडी प्रवाळाच्या नखाएवढ्या तुकड्यातसुद्धा या पेशी दहा लाखांच्या घरात असतात. उजेडावर साखर बनवायची आणि घरमालकाला भाडं म्हणून द्यायची, हा त्यांचा करार. घरमालकाचं बरंचसं पोट त्यावरच भरतं.

आता उजेड बदलला की भाडेकरू आपलं सामान बदलतो. सावलीत असेल तर एकेका पेशीत हरितद्रव्य वाढवतो, म्हणजे मिळेल तो कवडसा पकडता यावा. त्यामुळे सावलीतलं प्रवाळ गडद, तपकिरी दिसतं. उन्हात असेल तर हरितद्रव्य कमी करतो, मग रंग फिकटतो. शिवाय प्राणी स्वतः काही चमकणारी रंगद्रव्यं तयार करतो. निळा उजेड शोषून हिरवा किंवा लाल सोडणारी. ऊन अंगावर झेलणारी ही छत्रीच म्हणा ना! १९८१ मध्ये पॉल फाल्कोव्स्की आणि झ्वी दुबिन्स्की या शास्त्रज्ञांनी तांबड्या समुद्रातल्या एलातच्या आखातात एकाच जातीच्या उन्हातल्या आणि सावलीतल्या प्रवाळांची तुलना केली. त्यांचा तो निबंध आजही या विषयाचा पाया मानतात. एकच जात, पण एक फिकट आणि एक जवळजवळ काळसर.

मुद्दा आहे वेळेचा. अचानक आलेलं ऊन टाळायची छोटी यंत्रणा शैवालाकडे असते आणि ती काही मिनिटांत चालू होते. पण हरितद्रव्याचा साठा बदलायला दोन ते चार आठवडे लागतात. दगडी प्रवाळांत तर महिन्यांनी, वर्षांनी आकारही बदलतो. एकच जात कमी उजेडात ताटासारखी पसरट होते, भरपूर उजेडात गड्ड्यासारखी किंवा फांद्यांची. या वेळापत्रकाच्या आधी उजेड वाढवला, तर शैवालाचा कारखाना तापतो, त्यातून विषारी ऑक्सिजन बाहेर पडायला लागतो आणि घरमालक भाडेकरूलाच हाकलतो. यालाच म्हणतात ब्लीचिंग. समुद्रात हेच काम मुख्यतः वाढलेलं तापमान करतं, आणि त्यात कडक ऊन भर घालतं. मालवणच्या प्रवाळांनी ते भोगलंय. एप्रिल २०२४ मध्ये तर शास्त्रज्ञांनी चौथं जागतिक ब्लीचिंग जाहीर केलं.

उलट चूक, म्हणजे उजेडातून एकदम अंधारात नेणं, लगेच दिसत नाही. तिथे प्रवाळ भाजत नाही, हळूहळू उपाशी मरतं.

आणि प्रवाळ फक्त निळ्याशार पाण्यातच राहतं असंही नाही. विजयदुर्गासमोर खोल समुद्रात कान्होजी आंग्र्यांच्या नावाची आंग्रिया बँक आहे, तिथे स्वच्छ पाण्यात ऊन खूप खोल पोचतं. पण आपल्या मुंबईतही, वरळी आणि हाजीअलीच्या खडकांवर, गढूळ पाण्यात काही चिवट प्रवाळं सापडली. कोस्टल रोडच्या कामात ती मध्ये आली, तेव्हा २०२० मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मदतीने ती उचलून दुसरीकडे बसवली गेली. जागा निवडताना पाणी, खडक सगळंच जुळवावं लागतं. आमचंही तेच चाललं होतं, फक्त बादलीतून.

'यांना पण गॉगल दे'

आता प्रॉब्लेम असा होता की मित्राचा नवा दिवा स्वस्तातला होता. मंद करायची सोयच नाही. एक तर चालू, नाही तर बंद. त्याचा प्लॅन होता दिवा उंच टांगायचा आणि आठवड्या-आठवड्याने खाली आणायचा. पण जुनं घर, छत ठेंगणं. टांगणार कुठे? दोघं टाकीसमोर उभे. मित्राने सगळं समजावून सांगितलं, अंधेरीत मेलेल्या दोघांसकट.

काका काळ्या चष्म्यातून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, 'डॉक्टरने मला हा कशाला दिला? नवा डोळा उजेडाला सरावला नाही म्हणून. मग यांना पण गॉगल दे.'

ते आत गेले आणि जुन्या डोलीच्या शेपटाकडचा, अगदी बारीक आसाचा तुकडा घेऊन आले. चार घड्या घालून टाकीवर पसरला. खोलीतला निळा झगझगाट एकदम चांदण्यासारखा झाला. 'दर दहा दिवसांनी एक घडी काढायची,' काकांनी जाहीर केलं. मित्राने मोबाइलवर वाचून ठेवलेला सल्ला याहून वेगळा नव्हता. परदेशात हौशी लोक खिडकीच्या जाळीचे थर लावतात आणि एकेक काढत जातात. इथे थर डोलीचा होता, एवढाच फरक.

दिवा राहिला. नाव मात्र बदललं. काका त्याला एलईडी म्हणेनात. 'तो निळा' म्हणायला लागले.

तीन आठवडे, सहा आठवडे

जूनच्या शेवटी पुन्हा गेले. दोन घड्या निघाल्या होत्या. मश्रूम तळहाताएवढे उलगडलेले, रंग मात्र मातकट तपकिरी. मला वाटलं, गेली केस. मित्र खूश होता. मंद उजेडात भाडेकरूंनी सामान वाढवलंय, चांगली खूण आहे, म्हणाला.

मग त्याच्याकडून एक घोटाळा झाला. ऑफिसच्या कामाने पुण्याला जायचं होतं, म्हणून जाताना त्याने उरलेल्या दोन्ही घड्या एकदम काढल्या. तीन दिवसांनी सगळ्यात वरच्या दगडावरचे झोअँथिड मिटून पांढरे पडायला लागले. हे पाहिलं काकांनी. त्यांनी कोणाला फोनबिन केला नाही. एक घडी परत टाकली. तरी त्यातला एक छोटा झुबका गेलाच. मित्र परतल्यावर काका एवढंच म्हणाले, 'घाई तुला होती. त्यांना नव्हती.'

तोवर काका टाकीसमोर रोज खुर्ची टाकून बसायला लागले होते. काळा चष्मा सुटला होता. एक हात उजव्या डोळ्यावर, मग डाव्यावर, असा त्यांचा खेळ चालायचा. ऑपरेशन झालेल्या डोळ्याने टाकी लख्ख निळी दिसे, दुसऱ्याने पिवळट, मळकी. हे मनाचे खेळ नाहीत. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं आणि निळा रंग गाळून टाकतं. ते इतकं हळूहळू होतं की माणसाला पत्ताच लागत नाही. ऑपरेशनमध्ये ते भिंग काढून नवं स्वच्छ बसवलं की निळा परत येतो. चित्रकार मोने यांचं असंच ऑपरेशन १९२३ मध्ये झालं होतं. त्यांनाही नंतर रंगांशी पुन्हा ओळख करून घ्यावी लागली. आमच्या काकांनी ती ओळख करून घ्यायला टाकी वापरली.

जुलैच्या मध्याला शेवटची घडी निघाली. तो रविवार मी चुकवला नाही. तपकिरी रंग ओसरला होता आणि त्याखालून हिरवा वर आला होता. असा हिरवा की अंधाऱ्या खोलीत तबकडीची कड पेटल्यासारखी दिसावी. अगदी पाचूसारखा. पाचूबंदरात पोवळ्याने पाचूचा रंग घ्यावा, याला काय म्हणाल?

बाहेर पाऊस थांबला होता. किनाऱ्यावर होड्यांवरच्या ताडपत्र्या निघत होत्या, सीझन दोन-तीन आठवड्यांवर आला होता. काका मला होडी दाखवायला घेऊन गेले. तिच्याशेजारी रंगाचे दोन नवे डबे ठेवलेले. ते पाहून मित्र जागीच थांबला. विकायच्या होडीला कोणी नवा रंग आणत नाही.

'पुतण्या जाईल तांडेल म्हणून,' काका म्हणाले. 'मी या वर्षी बंदरात. दुसरा डोळा झाला की बघू.'

मग त्यांनी डबा उघडला आणि चमकले. 'हा निळा दिला त्याने! मी हिरवा सांगितला होता. नेहमीचा. होडीचा.'

मित्र वाकून जुन्या रंगाची एक खपली काढत होता. ती त्याने बाबांच्या हातावर ठेवली. 'बाबा, दुकानदार ओळखतो आपल्याला. ती पहिल्यापासून निळीच आहे.'

काकांनी खपली हातात धरली. डावा डोळा झाकला. मग उजवा. मग पुन्हा डावा.

'निळीच की,' म्हणाले, आणि ब्रश मागितला.

जायचं असेल तर

कसं जाल : पश्चिम रेल्वेने वसई रोड. पश्चिमेहून बस किंवा रिक्षाने वसई किल्ला, तिथून पुढे पाचूबंदर. फेब्रुवारी २०२४ मध्ये भाईंदर ते वसई रो-रो फेरीही सुरू झाली आहे. बाइक घेऊन जाणाऱ्यांची मोठी सोय. पावसाळ्यात निघण्याआधी चौकशी करून घ्या.

कधी जाल : सुकत घातलेली मासळी पाहायची तर पावसाळा सोडून. हिरवागार किल्ला पाहायचा तर जुलै-ऑगस्ट. होड्यांना रंग लागताना पाहायचं तर जुलैचा शेवट.

काय खाल, काय घ्याल : सीझनमध्ये ताजे बोंबील, घरी न्यायला सुके बोंबील आणि जवळा. लोकलमध्ये पिशवी घट्ट बांधा, सहप्रवाशांची दया येऊ द्या!

काय पाळाल : हा पिकनिक स्पॉट नाही, राहता कोळीवाडा आहे. जाळ्यांवरून चालू नका, विचारल्याशिवाय फोटो काढू नका. कुठल्याही किनाऱ्यावर प्रवाळाचा तुकडा सापडला, तर तो तिथेच राहू द्या.